दिनविशेष : २७ मे
फ्रान्सच्या तुलूझ नगरीत सन १९५५ साली आजच्याच दिवशी ‘सूद-एस्त’ कंपनीच्या ‘कॅराव्हेल’ या जेट प्रवासी विमानाने प्रथम उड्डाण केले. पंखांखाली अथवा पंखांच्या मुळाशी इंजिने बसविण्याचा तत्कालीन प्रघात मोडून ती शेपटीलगत, विमानाच्या दोन्ही बाजूंस जडविल्यामुळे पंख निर्वेध राहिले आणि पुढल्या आसनांवरील उतारूंस अपूर्व शांतता लाभली. नासिकेचा भाग मात्र ब्रिटिशांच्या ‘कॉमेट’ या जेट विमानाकडून परवान्याने उसना घेतलेला, हेही नमूद केले पाहिजे. खिडक्या त्रिकोणी, कोपऱ्यांना गोलाई दिलेल्या. आणि प्रारंभीच्या आवृत्त्यांत, उतरताना वेग आवरण्यासाठी शेपटीतून चक्क पॅराशूट सुटे. आपल्या इंडियन एअरलाइन्सच्या दिमतीस १९६४मध्ये दाखल झालेली जेट विमाने याच जातीची, ‘सहा-एन’ आवृत्तीची होती.