‘पर्सिव्हिअरन्स’ म्हणजे चिकाटी : अर्थ आणि वापर

‘पर्सिव्हिअरन्स’ या इंग्रजी नामाचा अर्थ चिकाटी. अडचणी आल्या, यश लांबले, तरी हाती घेतलेले काम न सोडणे. ‘पर्सिव्हिअर’ हे त्याचे क्रियापद. त्यापुढे बहुधा ‘इन’ किंवा ‘विथ’ येते. ‘पर्सिस्टन्स’ हा जवळचा शब्द, पण तो न थांबणाऱ्या पावसाला किंवा खोकल्यालाही चालतो. ‘पर्सिव्हिअरन्स’मध्ये मात्र निर्धार असतो. नासाने २०२१ मध्ये मंगळावर उतरवलेल्या रोव्हरचे नावही हेच.

दहा पारमितांपैकी तीन इथे आठवतात. वीर्य म्हणजे प्रयत्न, क्षांती म्हणजे सहनशीलता, अधिष्ठान म्हणजे दृढनिश्चय. तिन्ही एकत्र आल्या की चिकाटी होते.

मराठवाड्याला हा अर्थ नामांतर लढ्याने शिकवला. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. लगेच गावोगावी आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. तरीही मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास साडेपंधरा वर्षे चालूच राहिले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मागणी नामांतराची होती, मिळाला नामविस्तार. पण बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर लागलेच.

निलंग्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी शब्दाशेजारी वहीत या दोन तारखा लिहून ठेवाव्यात. अर्थ वेगळा पाठ करावा लागणार नाही.

जय भीम!