नामदेव ढसाळ : व्याख्या आणि व्यवहार

चाकणचे नाव घेतले की आज मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पूर या गावी १९४९ साली नामदेव ढसाळ यांचा जन्म झाला. महार कुटुंब, वडील मुंबईत खाटकाच्या हाताखाली राबणारे. मुलगाही मुंबईला गेला, कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढला, टॅक्सी चालवू लागला. तेव्हा या तालुक्यातील माणसे पोटासाठी बाहेर जात. आज बाहेरची माणसे पोटासाठी येथे येतात. पिंपरी-चिंचवडला राहणारा मी, या येणाऱ्यांना समोर ठेवून ढसाळांचा हिशेब मांडू इच्छितो.

१९७२ साली आपल्याच पुणे जिल्ह्यातील बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता आणि रिपब्लिकन पुढारी गटबाजीत गुंतले होते. त्याच वर्षी ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ शब्दाचा अर्थ रुंद केला : अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि धर्माच्या नावाने वा आर्थिक-राजकीयदृष्ट्या नाडले गेलेले सारे. ढाले यांना त्यात कम्युनिस्टांची छाया दिसली. १९७४ साली पँथर फुटली.

पुढचा प्रवास अधिक बोचरा आहे. आणीबाणीत ढसाळांनी इंदिरा गांधींची पाठराखण केली, १९७६ साली त्यांच्यावर ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत पँथर आणि शिवसैनिक समोरासमोर होते. त्याच काळात मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव मारला गेला. तेच ढसाळ पुढे शिवसेनेच्या ‘सामना’त सदर लिहू लागले. ही तडजोड ‘कवीची लहर’ म्हणून झाकता येणार नाही. जे रस्त्यावर रक्तबंबाळ झाले, त्यांना उत्तर मिळायलाच हवे होते.

पण माणूस घसरला म्हणून त्याने मांडलेली व्याख्याही फेकून द्यावी काय? चाकणच्या कारखान्यात मराठवाड्याचा मातंग, विदर्भाचा बौद्ध आणि बिहारचा भूमिहीन एकाच लाइनवर कंत्राटी म्हणून उभे असतात. कंत्राट संपले की तिघेही एकाच दिवशी गेटबाहेर. येथे ढसाळांची व्याख्या खरी ठरते. मात्र गेटबाहेर पडून खोली शोधायला निघाले की पहिला प्रश्न आडनावाचा येतो. या पट्ट्यात खोली शोधताना तो मलाही विचारला गेला आहे. आडनाव सांगताच रिकामी खोली ‘भरलेली’ झाली. येथे ढालेंची धास्ती खरी ठरते. वर्गाच्या भाषेत जात विरघळत नाही. आणि खाजगी कारखान्यांच्या नोकरीला घटनेचे आरक्षण लागू नाही, हे विसरून चालणार नाही.

१५ जानेवारी २०१४ रोजी ढसाळ गेले. त्यांचे भक्त त्यांच्या तडजोडी लपवतात, विरोधक त्यांचा जाहीरनामा लपवतात. दोन्ही लपवणे येथील प्रस्थापितांच्याच सोयीचे आहे. १९७४ साली जे दोन विचार एकमेकांपासून तुटले, त्या दोहोंची गरज कंत्राटी कामगाराला रोज पडते : एकाची गेटच्या आत, दुसऱ्याची गेटच्या बाहेर. ते एकत्र आणणारी संघटना उभी करणे, हे ढसाळांच्या पुतळ्यापेक्षा मोठे काम आहे. आणि ते त्यांच्याच तालुक्यात पडून आहे.