गिअर घसरतोय, पण कुठे?

ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. दोन-तीन सेकंदांनी हिसका बसला आणि गिअरनं कसंबसं धरलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 'स्लिप' होतोय म्हणतात तो हा प्रकार. घाटात हाफ क्लचवर गाडी चढवताना प्लेट जळल्याचा वास ज्यांनी घेतलाय, त्यांना यातली अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे. फरक एवढाच, की तिथे क्लच आपल्या डाव्या पायाखाली असतो. ऑटोमॅटिकमध्ये तो एका बंद डब्यात तेलात बुडालेला असतो, आणि एकटा नसतो, चार-पाच असतात.

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं जुनी पिकअप म्हणजे हौस नसते. प्लंबर, सुतार, शेतकरी यांचं ते रोजचं अवजार असतं. अशा गाडीचा गिअरबॉक्स पूर्ण उघडून नव्यानं बांधायचा म्हटलं, तर तो खर्च अनेकदा गाडीच्या किमतीलाच भिडतो. त्यामुळे 'गिअर स्लिप होतोय' या तक्रारीचं निदान चुकलं, की धडधाकट गाडी भंगारात जाते. या निदानाचा सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दोष क्लचवर येतो, पण खोट बऱ्याचदा क्लचपर्यंत निरोप पोहोचवणाऱ्यात असते.

डब्यात काय असतं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ग्रहमालेसारखी दातेरी चाकं असतात. मधे एक 'सूर्य', भोवती फिरणारे 'ग्रह' आणि बाहेरून दात्यांचं कडं. यातलं कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं फिरू द्यायचं, यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम क्लचच्या पातळ चकत्या आणि पोलादी पट्टे करतात. त्यांना आवळतो तो तेलाचा दाब. दाब कमी पडला की पकड सैल होते, चकत्या एकमेकींवर घासतात, तापतात आणि जळतात.

म्हणून खरा प्रश्न असतो दाब किती हवा, हा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर असेल तर थोडा पुरतो. मागे सिमेंटची पोती आणि समोर चढ असेल तर भरपूर लागतो. डबा स्वतः आंधळा आहे. इंजिनावर किती भार आहे हे त्याला कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं. हा सांगणारा निरोप्या दर पिढीत बदलत गेला.

नळी

जनरल मोटर्सचा 'हायड्रामॅटिक' १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांमधून बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात तो हलक्या रणगाड्यांमध्येही बसवला गेला. पिकअपवाल्यांचा मात्र हातानं गिअर टाकण्यावरच भरवसा होता. १९५३ मध्ये फोर्डनं एफ-१०० पिकअपला ऑटोमॅटिकचा पर्याय दिला आणि वारं हळूहळू फिरू लागलं.

१९६० च्या दशकात आलेल्या जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक पिढीत निरोप्याचं काम रबराची एक साधी नळी करत होती. इंजिनावर भार आला की त्याच्या आतली हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होते. ही ओढ नळीतून गिअरबॉक्सवरच्या पडद्यापर्यंत जायची आणि त्यावरून दाब ठरायचा.

हा पडदा फाटला की गंमत व्हायची. इंजिन त्या नळीतून गिअरचं तेल ओढून जाळायचं. गाडीखाली एक थेंब नाही, तरी तेल कमी, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गिअर स्लिप! जाणता मेकॅनिक अशा वेळी नळी काढून बघायचा. आतून लाल तेल टपकलं की निदान झालं. पडदा बदला, तेल भरा, गाडी रस्त्यावर. न जाणणारा थेट गिअरबॉक्स खाली उतरवायचा.

देवमाशाचं तेल

त्या काळच्या गिअर-तेलाची गोष्टही इथे येते. चकत्यांनी धरावं, पण झटका न देता धरावं, यासाठी तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळलेलं असायचं. १९७० मध्ये अमेरिकेनं हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि ते तेल मिळेनासं झालं. मग पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. सुरुवातीच्या एका नव्या तेलानं रेडिएटरमधल्या तेल थंड करणाऱ्या भागाचे धातूचे जोडच खायला सुरुवात केली. जोड गेला की रेडिएटरचं पाणी आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. तेल गुलाबी, दुधाळ होतं आणि चकत्यांवरचा कागदी थर सुटू लागतो. त्या बंदीनं देवमासे वाचले, हे चांगलंच झालं. पण डिपस्टिक काढून तेलाचा रंग पाहणं हे निदानाचं पहिलं पाऊल का आहे, तेही या प्रकरणातून कळतं. लालसर असेल तर ठीक. तपकिरी आणि करपलेला वास असेल तर चकत्या जळाल्यात. गुलाबी दूध दिसलं तर आधी रेडिएटर बघा.

तार

१९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकी सरकारनं गाड्यांच्या मायलेजसाठी नियम केले. त्या दबावातून १९८२ मध्ये जनरल मोटर्सचा ७००-आर-४ आला. चार गिअर, आणि महामार्गावर इंजिनाशी थेट जोडणारा लॉकअप क्लच. इथे नळीच्या जागी तार आली. ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरपासून गेलेली ही तार गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह ओढायची.

तार किंचित सैल राहिली, तर डब्याला वाटायचं की चालक आरामात चाललाय. दाब कमी, गिअर लवकर बदलणार आणि भर चढावर चकत्या घासणार. कुणी हौसेनं दुसरा कार्ब्युरेटर बसवला आणि तारेचं माप जुळवलं नाही, की गिअरबॉक्स काही काळातच जळून जायचा. दोषी ठरायचा गिअरबॉक्स. नवा बसवायचा, तारेला हात लावायचा नाही, आणि नवाही त्याच वाटेनं जायचा.

संगणक

१९९३ पासून शेव्हरोले पिकअपमध्ये ४-एल-६०-ई येऊ लागला. शेवटचा 'ई' इलेक्ट्रॉनिकचा. तार गेली आणि दाब किती ठेवायचा हे संगणक ठरवू लागला. १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना दोषाचे ठरावीक कोड वाचता येतील असं सॉकेट सक्तीचं झालं. आता निदान सोपं होईल असंच कुणालाही वाटेल. मी सॉफ्टवेअरवाला, मला तर वाटेलच.

झालं उलटंच. या गिअरबॉक्सचा एक बदनाम कोड आहे, पी-१८७०. अर्थ: 'गिअरबॉक्समधला भाग स्लिप होतोय.' कुठला भाग? ते कोड सांगत नाही, कारण संगणकालाच ते माहीत नसतं. त्याला दोनच आकडे दिसतात: इंजिनाचा वेग आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याचा वेग. चौथ्या गिअरचं गुणोत्तर ०.७०. दांडा मिनिटाला २५०० फेरे घेत असेल आणि लॉकअप लागलेला असेल, तर इंजिन १७५० वर हवं. ते २००० वर दिसलं, तर २५० फेरे वाटेत हरवले. हिशेब अचूक आहे. पण ते लॉकअपमध्ये हरवले की गिअरच्या क्लचमध्ये, हे या दोन आकड्यांवरून निघत नाही.

बऱ्याचदा मूळ दुखणं तिसरीकडेच असतं. लॉकअप झटका न देता लागावा म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचा दाब सेकंदाला ३२ वेळा चालू-बंद करून सांभाळायची पद्धत आली. त्या थरथरीनं एक छोटा व्हॉल्व्ह सतत हलत राहिला आणि ॲल्युमिनियममधलं त्याचं भोक झिजत गेलं. झिजेतून तेल गळतं, लॉकअपला दाब पुरत नाही, कोड येतो. मग संगणक बचावासाठी दाब पूर्ण वाढवतो आणि गिअर बदलताना दणके बसू लागतात. मालक दणक्यांची तक्रार घेऊन येतो, कोड 'स्लिप' म्हणतो, आणि दुरुस्ती असते एका भोकाची.

कोणता गिअर, ते आधी सांगा

यातून वाट काढायला मेकॅनिकांनी जपलेलं एक कागदी हत्यार आहे: कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो त्याचा तक्ता. ४-एल-६०-ई मध्ये दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला तोच पट्टा लागतो. तिसऱ्या आणि चौथ्याला तोच क्लच. म्हणून फक्त तिसरा-चौथा घसरत असेल, तर संशयित तो क्लच. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले, तर सूर्यचाकाला जोडणारं पोलादी कवच तुटलंय. आणि महामार्गावर एका वेगात जाताना ब्रेक पेडलला हलका स्पर्श केला, तर लॉकअप सुटून आरपीएम थोडा वाढायला हवा. काटा हललाच नाही, तर लॉकअप मुळात धरतच नव्हता.

या चाचण्यांना डबा उघडावा लागत नाही. तेल बघायचं, निरोप नीट पोहोचतोय का ते बघायचं, दाबमापक लावायचा, कोणते गिअर घसरतात ते लिहायचं, आणि मग पाना उचलायचा. निरोप्या नळी असो, तार असो की संगणक, हा क्रम बदललेला नाही. कोड वाचणाऱ्या यंत्रानं तो एका बटणावर आणल्यासारखा वाटतो, म्हणूनच तो गाळायचा मोह आज जास्त होतो. त्याची किंमत मात्र यंत्र भरत नाही. ती भरतो तो सुतार, ज्याची पिकअप एका झिजलेल्या भोकापायी भंगारात जाते.