ब्युरेट कशाने विसळायची?

अनुमापनाच्या तासाला आपण मुलांना बजावतो : ब्युरेट आणि पिपेट ज्या त्या द्रावणाने विसळा, शंकुपात्र मात्र नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने. का, असे विचारले तर ‘पुस्तकात तसे दिले आहे’ हेच उत्तर बहुधा येते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील रूआं येथे क्लोरीनच्या पाण्याने कापड पांढरे करीत. पाणी सौम्य पडले तर कापड पिवळट राही, तीव्र झाले तर धागाच कमकुवत होई. तेथील रसायनज्ञ देक्रोआझिल याने १७९५ साली यावर उपाय प्रसिद्ध केला. क्लोरीनच्या पाण्याने निळीच्या द्रावणाचा रंग किती उडतो, ते अंशांकित नळीने मोजायचे. पुढे १८०६ मध्ये त्याने पोटॅश व सोड्याची शुद्धता तपासण्यासाठी विरल सल्फ्युरिक आम्लाची तशीच नळी सुचवली. मालात भेसळ असली तर व्यापाऱ्याचा पैसा बुडे, त्यामुळे या नळीला मोल होते.

‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावे या उपकरणांसाठी गे-ल्युसॅकने १८२४ मध्ये रूढ केली. त्याची ब्युरेट हातात धरून, तिरपी करून, बाजूच्या बारीक नळीतून ओतावी लागे. कोब्लेंझच्या कार्ल फ्रीडरिख मोरने ती स्टँडला लावली आणि खाली रबरी नळी व चिमटा बसवला. एक हात चिमट्यावर, दुसऱ्याने पात्र हलवायचे! त्याचा अनुमापनावरील ग्रंथ १८५५ मध्ये निघाला.

एकेक थेंब सोडता येऊ लागला की काचेला चिकटलेले पाणीही हिशेबात धरावे लागते. समजा, धुतलेल्या ब्युरेटमध्ये १ मिलि पाणी राहिले आणि वर ४९ मिलि ०.१ नॉर्मल द्रावण भरले. ते ०.०९८ नॉर्मल होईल; २० मिलिऐवजी २०.४ मिलि लागतील. थेंब सुमारे ०.०५ मिलिचा, म्हणजे आठ थेंबांची चूक. शंकुपात्राचे गणित वेगळे. पिपेटने त्यात सोडलेले आम्ल ठरावीक असते; पाण्याने ते विरल होते, कमी होत नाही. उलट पात्र आम्लानेच विसळले तर मागे राहिलेले आम्ल फुकट भर घालते.

तेलकटपणा त्याहून फसवा. ब्युरेट रिकामी करताना भिंतीला थेंब लटकले, तर खाली न आलेले द्रावणही आपण आले म्हणून वाचतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा सलग पातळ थर दिसतो. पूर्वी यासाठी क्रोमिक आम्लाचे मिश्रण सर्रास वापरत, पण त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. शाळेत साबणाचे पाणी आणि लांब ब्रश पुरे. तोटीला ग्रीस बेताचेच लावावे, नाहीतर तेच आत जाते. टोकातला हवेचा बुडबुडाही पहिल्या वाचनापूर्वी घालवावा.

गंमत अशी, की मोरचा ‘लिटर’ आपल्या लिटरपेक्षा सुमारे २ मिलिने मोठा होता. १७.५ अंश सेल्सिअसच्या, हवेत तोललेल्या १ किलोग्रॅम पाण्याचे आकारमान त्याने एकक धरले होते. तरी त्याची अनुमापने बिनचूक येत, कारण त्याची सगळी भांडी एकाच मापाची होती. घोटाळा व्हायचा तो त्यांत दुसऱ्या मापाचे एखादे भांडे मिसळले की.