केडंब्याचे तुकाराम ओंबळे : स्मरण आणि स्मारक

जावळी म्हटले की इतिहासाच्या वाचकाला चंद्रराव मोरे आठवतात, १६५६ ची स्वारी आठवते आणि तीन वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली ती भेट आठवते. आजच्या जावळी तालुक्याचे ठाणे मेढा हे वेण्णेकाठचे गाव. दरीखोऱ्यांतील शेती पोटापुरती. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या इथला तरुण मुंबईची वाट धरत आला आहे. कोणी माथाडी झाला, कोणी गिरणीत गेला, कोणी लष्करात वा पोलिसांत. याच तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते आणि नंतर मुंबई पोलिसांत दाखल झाले. २००८ साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते.

२६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत दोन हल्लेखोरांची मोटार अडली. एक मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, हाती एके-४७ घेऊन बाहेर आला. ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळीच धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले.

या घटनेचे वर्णन बहुधा शौर्यापाशी थांबते. आम्हांस तिचे ऐतिहासिक मोल त्यापुढे दिसते. दहा हल्लेखोरांपैकी नऊ ठार झाले. त्यांच्याजवळ खोटी ओळखपत्रे होती. दहावाही मेला असता, तर ते कोण, कुठले, कोणी धाडलेले, यावर आजवर वाद घालता आला असता. जिवंत आरोपी होता म्हणून कबुलीजबाब झाला, त्याला वकील मिळाला, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल लागला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. जिवा महाला यांनी सय्यद बंडाचा वार अडवून राजाला वाचवले. ओंबळे यांनी सहकाऱ्यांना वाचवले आणि त्याच क्षणी कायद्यासाठी एक साक्षही वाचवली. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण लोकांच्या तोंडी राहिली, तिला चौथऱ्याची गरज पडली नाही.

अर्थात चौथरेही उभे राहतात. गिरगाव चौपाटीवर ओंबळे यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. (सरकारी स्मारकांपेक्षा हे नाव अधिक टिकेल, अशी आम्हांस शंका आहे.) मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने केडंबे येथील स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले, घटनेनंतर सोळा वर्षांनी.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्स येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात पडलेल्या दहा पोलीस जवानांचा तो दिवस. त्या दिवशी वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांची नावे संचलनात मोठ्याने वाचली जातात. अधिकारी आणि शिपाई एकाच यादीत. हा प्रघात आम्हांस फार सभ्य वाटतो, कारण एरवी आपले स्मरण हुद्द्याप्रमाणे चालते. करकरे, कामटे, साळसकर ही नावे एका दमात उच्चारली जातात आणि ओंबळे हे नाव मागाहून येते. त्या रात्री पडलेल्या शिपायांची नावे तर किती जणांना सांगता येतील?

गौरवात आणखी एक सोय असते. लाठीने बंदुकीला तोंड दिले हे अभिमानाने सांगताना, लाठीच का होती, हे विचारण्याचे राहून जाते. राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या शस्त्रास्त्रांतील आणि गोळीबाराच्या सरावातील उणिवा नोंदवल्या होत्या. केडंब्याच्या स्मारकात पुतळा असेलच. त्याच्या शेजारी एक साधी लाठी आणि त्या अहवालातील एखादे पान काचेआड ठेवावे, असे आम्ही सुचवतो.