गावापर्यंतची तार

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातील बिनतारी तारायंत्राचे उद्घाटन केले आणि सम्राट पाचव्या जॉर्जशी संदेशांची देवाणघेवाण केली. हे संदेश समुद्रापार धाडणारे केंद्र पुण्यालगतच्या खडकीत होते आणि विलायतेचे संदेश उतरून घेणारे केंद्र दौंडला. त्या दिवशी खडकीहून लंडन क्षणभराच्या अंतरावर आले. खडकी आणि दौंड यांच्या मधल्या पट्ट्यातील बहुतेक खेड्यांना मात्र साधी तार करायची तरी रेल्वे स्टेशन नाहीतर पेठेचे गाव गाठावे लागे. ग्रामीण ब्रॉडबँडसाठी आज केंद्र सरकारने एक लाख एकोणचाळीस हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली आहे. इतका पैसा खेड्याच्या वाट्याला कसा आला आणि यायला इतका काळ का लागला, याचा मागोवा खडकीतूनच घेतलेला बरा.

त्यासाठी आपण आणखी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊ. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई खडकीच्या माळावर झाली, तेव्हा बातमीचा वेग माणसाच्या आणि घोड्याच्या पायांपेक्षा जास्त नव्हता. पुढच्या चार दशकांत हे चित्र पालटले. डॉ. विल्यम ओशॉनेसी या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या वैद्याने कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक तार टाकली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने कंपनीची तिजोरी त्याच्या पाठीशी उभी केली. मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला, मुंबईहून निघालेली मद्रासची तार घाट चढून दख्खनमध्ये आली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सोय सर्वसामान्यांना खुली झाली. खडकीत लष्कराची छावणी होती, १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६९ मध्ये खडकीतच दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. अशा ठिकाणाला तारेसाठी अर्जविनंत्या कराव्या लागत नाहीत. जिथे पलटण, रूळ किंवा कापसाची पेठ, तिथे सरकारचा पैसा आपणहून गेला. बाकीच्या गावांसाठी तार खात्याने हमीची पद्धत ठेवली होती. कचेरीचे उत्पन्न खर्चापेक्षा कमी पडले तर तूट भरून देऊ, अशी हमी कोणीतरी घ्यायची आणि मगच खात्याने कचेरी उघडायची. आजच्या ग्रामीण दूरसंचार अनुदानाचा हा विसरलेला पूर्वज आहे. फरक एवढाच की त्या काळी तूट ज्याला तारेची गरज त्याने भरायची होती. ती तूट कोणी भरायची, हाच प्रश्न पुढच्या सगळ्या इतिहासातून वाहत आला आहे.

खडकीच्या केंद्राकडे थोडे जवळून पाहू. साम्राज्यभर बिनतारी साखळी उभारण्याचा विचार इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून चालू होता. पण तेव्हाची कल्पना लांब लहरींच्या, प्रचंड वीज खाणाऱ्या केंद्रांची होती. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी आखूड लहरींचा मार्ग शोधला. उंच मनोऱ्यांच्या रांगेवर तारांचे पडदे टांगायचे आणि लहर चहूकडे न फेकता एकाच दिशेला झोताप्रमाणे सोडायची, ही ती पद्धत. १९२४ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने मार्कोनी कंपनीशी करार केला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेमागून हिंदुस्थानचा क्रम लागला. इंग्लंडकडची केंद्रे सरकारी टपाल खात्याच्या ताब्यात होती, इकडची मात्र इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे. बिनतारीचे दर इतके उतरले की समुद्रातल्या केबल कंपन्या हवालदिल झाल्या. १९३२ मध्ये इथली बिनतारी कंपनी आणि केबलचा धंदा एकत्र करण्यात आला. १९४७ च्या प्रारंभी हा सगळा व्यवहार सरकारने ताब्यात घेतला आणि त्याचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाले. त्याच सेवेने सत्तरच्या दशकाच्या आरंभी जुन्नर तालुक्यात आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभारले, ज्याला पुढे विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. १९८६ मध्ये ती विदेश संचार निगम झाली आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी याच निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे आपल्या हाती इंटरनेट दिले ते खडकीच्या मनोऱ्यांच्या थेट वारसदाराने. खडकी, दौंड, आर्वी ही तिन्ही ठिकाणे पुणे जिल्ह्यातली. एवढा सन्मान लाभलेल्या जिल्ह्यातही हे संदेश खेड्यांच्या डोक्यावरूनच गेले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

खेड्याकडे जाणारी वाट वेगळ्या दिशेने आली. १९०७ मध्ये अमेरिकेत थिओडोर वेल या दूरध्वनी कंपनीच्या अध्यक्षाने सार्वत्रिक सेवेची कल्पना मांडली. तीत धंद्याचा मतलब होताच, पण कल्पना टिकली. १९४९ मध्ये तिथल्या सरकारने ग्रामीण वीज सहकारी संस्थांना कर्ज देणाऱ्या योजनेतच खेड्यांतील टेलिफोनचा समावेश केला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात देशाच्या नकाशावर षटकोन आखले गेले आणि कोणत्याही खेडुताला पाच किलोमीटरच्या आत सार्वजनिक टेलिफोन मिळावा, असे धोरण ठरले. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिने बनवलेले १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालत असे, आणि माझ्या मते भारतीय खेड्यासाठी झालेले ते सर्वांत प्रामाणिक अभियांत्रिकी काम आहे. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात टेलिफोन नेण्याचे ठरवले आणि खासगी कंपन्यांवरही ग्रामीण जोडण्यांची अट घातली. कंपन्यांनी ती पाळली नाही, मुदतही टळली.

याच सुमारास वारणेच्या खोऱ्यात एक प्रयोग झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचे ठरले. खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि दहा टक्के वारणेच्या संस्थांनी उचलला. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिलाचा हिशेब शेतकऱ्याला साखर कारखान्यावर हेलपाटा न घालता गावातल्या केंद्रावर मिळू लागला. पुढे संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर तेच काम करून पाहण्यात आले. गावाला नेमके काय हवे हे आधी ठरले आणि तार नंतर आली, असे उदाहरण या इतिहासात विरळाच.

खरे वळण आले ते १ एप्रिल २००२ रोजी. त्या दिवसापासून सार्वत्रिक सेवा निधी अमलात आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातून पाच टक्के आकार घ्यायचा आणि त्यातून खेड्यातली तूट भरायची, अशी ही व्यवस्था. हमीची जुनी पद्धत इथे पूर्ण उलटली. शहरातल्या ग्राहकाच्या बिलातून गावाची तूट भरली जाऊ लागली. २००६ च्या दुरुस्तीने या निधीतून मोबाइल आणि ब्रॉडबँडलाही मदत देता येऊ लागली. मात्र हा आकार आधी सरकारच्या संचित निधीत जातो आणि संसदेच्या मंजुरीनेच बाहेर येतो. त्यामुळे जमा झालेला बराच पैसा वर्षानुवर्षे गावांपर्यंत गेलाच नाही.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली. अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे वीस हजार कोटी रुपये आणि दोन वर्षे, असा तो आराखडा होता. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पुरा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तोवर योजनेचे नाव भारतनेट झाले होते. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने आपल्या वाट्याचे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाकडे दिले आणि त्याला महानेट म्हटले गेले. रस्त्याकडेला सुमारे पावणेदोन मीटर खोल चर, त्यात प्लॅस्टिकची नळी, नळीत केसासारखे काचतंतू आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक लहानसा डबा, बॅटरी, सौर पॅनेल. ही नळी रस्ता रुंदीकरणाच्या किंवा पाणीयोजनेच्या जेसीबीच्या दाताखाली आली की पुढची सगळी गावे एकदम मुकी होतात, कारण तार तालुक्यापासून फांदीसारखी एकाच बाजूने गेलेली असते. दुरुस्तीला कोणी यायचे आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून, हे ठरेपर्यंत डब्यावरचा दिवा विझलेला राहतो आणि सेवा केंद्रात सातबारासाठी आलेला माणूस परत जातो.

४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात या दुखण्याची दखल घेतली गेली. ग्रामपंचायती आता वर्तुळाकार जोडायच्या, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. आणि देखभालीसाठी दहा वर्षांची तरतूद आधीच करून ठेवायची. १,३९,५७९ कोटींचा आकडा त्यातून आला. २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली जुन्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले. नावापेक्षा देखभालीची ही तरतूद मोलाची आहे. तार टाकायला पैसा खेड्यासाठी उशिरा का होईना मिळाला होता, ती जिवंत ठेवायला मात्र तो पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे बाजूला काढला गेला आहे.

तेव्हा महाराष्ट्रातल्या ग्रामीण वाचकांना एक विनंती. किती किलोमीटर फायबर टाकली हा हिशेब सरकारी अहवाल देतच राहतील. आपण येत्या ग्रामसभेत एवढेच विचारावे, की पंचायतीतला डबा गेल्या महिन्यात किती दिवस चालू होता, बंद पडल्यावर तक्रार कोणाकडे केली आणि दुरुस्तीला किती दिवस लागले. मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.