कावसजी हॉलमधली अण्णांची जागा

रिगल सिनेमाच्या चौकात, वस्तुसंग्रहालयाच्या समोर जी पिवळसर दगडी इमारत उभी आहे, तिला माझे विद्यार्थी एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव कायम कावसजी हॉल. माझे वडील अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते. युनियनची सभा असली की सकाळी डबा घेताना आईला सांगून जायचे, "आज कावसजी हॉलला आहे, जेवायला थांबू नका." मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले आणि मुलांना घेऊन तिथे जाऊ लागले, तेव्हा अण्णांना पटेना. त्यांच्या मते तो भाषणांचा हॉल होता, चित्रांचा नव्हे.

त्यांचं म्हणणं खरंच होतं. १९११ च्या सुमारास सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून हा हॉल उभा राहिला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. समोरचं वस्तुसंग्रहालय, म्हणजे तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आणि गेटवे ऑफ इंडियाही त्यांचंच काम. पण म्युझियम वस्तूंसाठी आणि गेटवे राजाराणीच्या आगमनाची आठवण म्हणून. हा हॉल मात्र माणसांनी एकत्र बसून ऐकावं यासाठी होता. त्याच्या नावातच 'पब्लिक' हा शब्द होता. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्याच्या मैफली इथे होत. झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव.

स्वातंत्र्यानंतर शहरात नवी, वातानुकूलित सभागृहं आली. १९५२ साली जवळच जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. कावसजी हॉल मागे पडला आणि मिळेल त्याला भाड्याने जाऊ लागला. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नं, चामड्याच्या वस्तूंचे सेल, पुढे डिस्कोसुद्धा. या काळाबद्दल जे लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा हळहळ असते: एवढा सुंदर हॉल आणि काय ही दशा! मला ही हळहळ मान्य नाही. इमारतीची निगा राहिली नाही, हे दुःखच. पण गिरगाव-लालबागची माणसं त्या दारातून आत गेली ती याच वर्षांत.

मीही गेले ती चपलांच्या सेललाच. नऊ-दहा वर्षांची असेन. आईने आणि मावशीने मला मधोमध उभं केलं होतं, हरवू नये म्हणून. लांबच लांब टेबलं आणि त्यांवर चपलांचे ढीग. जोड सुतळीने बांधलेले, पण गर्दीच्या ओढाओढीत अर्ध्याअधिक सुतळ्या सुटलेल्या. मावशीला उजव्या पायाची एक चप्पल फार आवडली होती. ती हातात धरून तिने तासभर डावी शोधली. नव्या चामड्याचा वास इतका होता की माझं डोकं जड झालं, म्हणून मी वर बघत राहिले. वर केवढी तरी उंची होती, आणि खालचा सगळा गलका वर जाऊन एकच घुमारा होऊन परत येत होता. कलेच्या जागेत उभं राहिल्यावर मान वर होते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. डावी चप्पल अखेर सापडली, दुसऱ्याच टेबलावर.

शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केमोल्ड गॅलरीचे केकू गांधी यांनी हा हॉल कलेसाठी मिळावा म्हणून पाठपुरावा केला. पिलूबाई १९८६ साली गेल्या. दालन सुरू झालेलं त्यांना पाहता आलं नाही. काम बारा वर्षं चाललं आणि साडेतीन कोटी रुपये लागले. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी बाहेरचं दगडी कवच तसंच ठेवलं आणि आतल्या त्या एकाच उंच पोकळीत अर्धगोल मजले चढवले. पाच दालनं, मधून वर जाणारा जिना, शेवटी घुमट. १९९६ साली दार उघडलं. त्याच वर्षी यशोधरा डालमिया यांनी इथे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन मांडलं. सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर आरा, गाडे आणि बाकरेही. मी सातवीची मुलं घेऊन गेले होते. आरा एके काळी लोकांच्या घरी नोकर होते, मोटारी धूत असत, हे सांगितल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा पहिल्यांदाच पुढे आला. घुमटाखाली पोचल्यावर त्याच मुलाने टाळी वाजवली. घुमारा आला. पहारेकरी धावत आले, पण रागावले नाहीत. म्हणाले, "घुमतो ना? आता पुरे."

फेब्रुवारी २०१९ मध्ये इथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला बोलताना अमोल पालेकरांनी कलावंतांच्या सल्लागार समित्यांचा विषय काढला आणि त्यांना वारंवार अडवलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं तेव्हा पोटात कालवलं. जी वास्तू बोलण्यासाठीच बांधली, जिथे युनियनच्या पुढाऱ्यांनी घसा फोडून भाषणं केली, तिथे एका चित्रकाराविषयीच्या सभेत माणसाचं बोलणं पुरं होऊ नये, हे मला सहन झालं नाही. आजही होत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीला सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन आलं. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता ज्यांनी लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली, रस्त्यावरची कष्टकरी माणसं रंगवली, ते पटवर्धन. अण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी एकटीच गेले. खांदे पाडून बसलेला एक माणूस, अंगात बाह्या दुमडलेला शर्ट, हात गुडघ्यांवर. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले. अण्णा सभेला असेच बसत असणार.

मग वाटलं, ते नेमके कुठे बसत असतील? "मधल्या रांगेत, पंख्याखाली," एवढंच ते सांगायचे. मी तळमजल्यावर आले आणि मंच कुठे असेल, याचा अंदाज घेत पावलं मोजू लागले. पंधरा-सोळा पावलांवर जिना आडवा आला. मधली रांग बहुधा त्याच्या खाली गेली असावी. पहारेकरी जवळ येऊन म्हणाले, "बाई, काही हरवलं का?" मी त्यांना अण्णांचं सांगितलं. तेही वाकून जिन्याखाली बघू लागले.